लिंबू-मीठ लागलेला एडवर्ड

सराफ बाजारात जुन्या नाण्यांचं काम करतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, चकचकीत करून देता का? नाही देत. घासलेलं ब्राँझ भिंगाखाली तिरक्या उजेडात धरलं की एकाच दिशेने गेलेले ओरखडे दिसतात, आणि मग नाण्यावरच्या राजाची केस-दाढी कितीही शाबूत असली तरी 'क्लीन्ड' (घासून साफ केलेलं) असा शेरा पडतो, संपलं.

पावसाळ्यात पंचवटीतल्या एक काकू डबा घेऊन आल्या. लक्ष्मीपूजनाची नाणी, आजेसासूबाईंपासूनची, दर दिवाळीला आधी पंचामृत आणि मग लिंबू-मीठ. भोकाचे पैसे, १९५० नंतरचे घोडावाले, सगळे घासून गुलाबी झालेले. पण एका फडक्यात राजा सातव्या एडवर्डचा १९०६ चा पाव आणा होता. त्या साली तांब्याचेही निघाले आणि ब्राँझचेही, म्हणून आधी काट्यावर टाकला, पाच ग्रॅमच्या आत भरला म्हणजे ब्राँझच (तांब्याचा साडेसहाच्या जवळ जातो). कानावरचे केस सुटे सुटे दिसत होते, रंग छान चॉकलेटी. हा घासला नव्हता, नुसता मिठाच्या पाण्यात बुडवून तसाच बांधून ठेवला होता, आणि तेच नडलं. दाढीपाशी फिकट हिरवी भुकटी.

गडद, घट्ट हिरवं असेल तर मी हात लावत नाही, ते नाण्याला सांभाळतं. ही भुकटी वेगळी, मिठातलं क्लोराइड आत शिरलं की दमट हवेत ते धातू खातच राहतं. आमचे शेठ म्हणाले, तेल लाव आणि दे. शेठना सगळ्या रोगांवर तेलच सुचतं.

भुकटी बाभळीच्या काट्याने काढली, रोग आत उरलाय का बघायला ओल्या कापसासोबत बंद डबीत रात्रभर ठेवलं, सकाळी परत हिरवं. मग क्लोराइड ओढून काढायला सोडियम सेस्क्विकार्बोनेट या क्षाराच्या पाण्यात मुरत ठेवलं, पाणी बदलत बदलत, बरेच आठवडे, नंतर डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेलं आणि वास घातलेले असतात), पूर्ण वाळल्यावर ग्लोव्हज घालून बेन्झोट्रायझोल, म्हणजे तांबं-ब्राँझ गंजू नये म्हणून लावायचं रसायन. दाढीत बारीक खड्डा राहिला, ग्रेड (नाण्याच्या अवस्थेची प्रत) उतरली, पण रोग थांबला. निदान कोरड्या जागी राहिलं तर थांबलेला राहील.

काकू न्यायला आल्या तेव्हा अ‍ॅक्रिलिकच्या डबीत घालून दिलं, म्हटलं आता याला पाणी, दही, मीठ काही नाही.

"अहो दादा, मग पूजेत ठेवायचं कसं?"

डबीसकट ठेवा म्हटलं.

"आणि हळदीकुंकू? प्लास्टिकला लावू?"

यावर मी जे बोललो ते मलाच पटलं नाही. त्यांच्या घरात हे नाणं विकायला नाहीच आहे, माझी ग्रेड त्यांना काय कामाची? पण दह्यात बुडवलं तर नातीपर्यंत टिकणार नाही हेही खरंच. दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे. त्यांच्या सूनबाईंचा नंबर पावतीवर आहे, फोन करू का नको हेच चाललंय डोक्यात.