दगडी शाळेतून आजोबांचा निर्गम उतारा काढताना

मुलीच्या जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा होता. म्हणजे निर्गम उतारा, शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीची शिक्क्यासकट नक्कल. ओबीसींना हीच तारीख लागू आहे. वडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू', म्हणजे कामाचा नाही. राहिले आजोबा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ते दगडी शाळेत शिकले, एवढंच घरात माहीत होतं.

शाळा अजून भरते. घडीव काळा दगड, मंगलोरी कौलं, पुढे लाकडी खांबांची पडवी. आज ती जिल्हा परिषदेची, पण परिषदा आल्या 1 मे 1962 ला. त्याआधी लोकल बोर्ड, आणि 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर त्याचं स्कूल बोर्ड. त्यामुळे जुनी दप्तरं कुणाच्या ताब्यात, यावर शाळा आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात. मलाही आधी तालुक्याच्या कार्यालयात पिटाळलं. रजिस्टरं शेवटी शाळेतच होती, खडूच्या खोक्यांखाली.

खरी अडचण पुढे. जनरल रजिस्टर नावाच्या क्रमाने नसतं, दाखल तारखेच्या क्रमाने असतं. साल माहीत नसेल तर शोधत बसा. आमच्याकडे आजोबांचं व्हर्नाक्युलर फायनलचं, म्हणजे जुन्या सातवीच्या परीक्षेचं, सर्टिफिकेट निघालं. सातवीपासून मागे मोजत बिगरीपर्यंत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गापर्यंत, आलो आणि 1930 च्या आसपासची रजिस्टरं मागितली. 'शाळा नं. 1' आणि 'नं. 2' यांची रजिस्टरं वेगळी, हेही तिथेच कळलं.

पानं पापडासारखी झालेली, झेरॉक्स काढू देईनात, आणि ते बरोबरच होतं. शिवाय मजकूर मोडीत. शिरोरेघ आधीच आखलेली, त्याखाली शब्द न तोडता ओढलेली अक्षरं. आडनाव नाहीच, नाव, वडिलांचं नाव, जात, धंदा 'शेती'. जन्मतारीख 1 जून. ती पाहून शाळेतल्या बाई हसल्या, म्हणाल्या, "निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनलाच, काका. गुरुजी शाळा सुरू व्हायचा महिना धरून लिहायचे."

बोलता बोलता बाईंनी साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा विषय काढला. तिथली 7 नोव्हेंबर 1900 ची 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद, क्रमांक 1914, अशाच रजिस्टरातली एक ओळ. मग स्वतःच रजिस्टर जुन्या साडीच्या फडक्यात बांधायला घेतलं.

पानाच्या फोटोवरून मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं, त्याच्या सहीसकट. बाईंनी उतारा हाताने लिहून शिक्का मारला. आडनावासाठी जुना फेरफार आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं, कारण रजिस्टरातला माणूस आपलाच, हे दाखवायची जबाबदारी आपली असते. उताऱ्यावर रजिस्टर नंबर आणि नोंद क्रमांक आवर्जून लिहून घ्या. पडताळणी समितीने मूळ नोंद तपासायला माणूस पाठवला, तर त्याला शाळेत तेच लागतं.