मासेमारीबंदीत आखडलेले गुडघे

हर्णै बंदरावर मासे विकणारी एक मावशी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाच्या खांद्याचा आधार घेत माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आली. वय ६६, उजवा गुडघा जास्त दुखणारा, डावा थोडा कमी. मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, आता धंदा बंद कर म्हणून. दोन महिने घरी बसून होती, काही काम केलं नाय, तरी पयल्यापेक्षा जास्त दुखतंय."

मावशी गप्प होती. हातातली एक्स-रेची पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं, "बंदरावर नाय गेले तर करू काय?"

मुलाला जे कोडं वाटत होतं तेच मला कारण दिसत होतं. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होडी ओढून ठेवली की लिलाव बंद, लिलाव बंद की बंदरावरची सगळी चाल बंद. मे महिन्यापर्यंत ही बाई रोज घर ते बंदर चालत होती, पाटी उचलत होती, दर थोड्या वेळाने उठबस करत होती. जूनपासून ती पडवीत पाट घेऊन सुकी मासळी विकायला बसली. बाहेर पाऊस, वाटेवर शेवाळ, पडायची भीती, म्हणून घरच्यांनीही तिला जागचं हलू दिलं नाही. प्रेमापोटी केलेल्या या विश्रांतीने मांडीचे स्नायू सुकले, आणि १ ऑगस्टनंतर त्याच सुकलेल्या पायांवर पूर्वीचा सगळा भार एका दिवसात आला. पावसाळी हवेत सांधे आखडल्यासारखे वाटतात हे खरं, पण गुडघ्याचं सगळं बिल पावसावर फाडता येत नाही.

दोन हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला द्रवच तिला पोसतो, आणि तो आतबाहेर होतो तो सांध्यावर भार पडून सुटल्याने, म्हणजे चालल्याने आणि उठबस केल्याने. शिवाय प्रत्येक पावलाचा हादरा मांडीच्या पुढचा मोठा स्नायू झेलतो. तो दुबळा झाला की झेलायचं काम सांध्यावर पडतं. दुखतं म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू सुकतो, स्नायू सुकतो म्हणून आणखी दुखतं. वाढत्या वयात हे चक्र झपाट्याने फिरतं, कारण साठीनंतर गेलेला स्नायू परत यायला जास्त वेळ लागतो.

आधी हे दुखणं नक्की सांध्याच्या झिजेचंच आहे ना, ते पाहणं गरजेचं होतं. सकाळचं आखडणं पंधरा-वीस मिनिटांत सुटत होतं. आमवातात ते तासाभरापेक्षा जास्त टिकतं आणि दोन्ही मनगटं, बोटांची मुळं सुजतात. हिच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर गाठी होत्या, त्या झिजेच्याच. पावसाळ्यात आपल्याकडे चिकुनगुनियाही असतो आणि त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते, म्हणून तापाचीही चौकशी केली. ताप आलेला नव्हता. गुडघा लाल आणि गरम असता, सोबत ताप असता, पडल्यावर पाय टेकवत नसता किंवा पोटरी एकाएकी सुजली असती, तर व्यायामाचा विषय न काढता तिला थेट डॉक्टरकडे पाठवलं असतं.

मग मोजमाप. गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर टेप लावली तर उजवी मांडी डावीपेक्षा २ सेंटिमीटर बारीक. गुडघा ११५ अंशांपर्यंत वाकत होता आणि पूर्ण सरळ व्हायला ५ अंश कमी पडत होते. १७ इंच उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत ती सात वेळा उठली. ६५ ते ६९ वयाच्या बाईला हे किमान ११ वेळा जमावं अशी अपेक्षा असते. एक्स-रेत सांध्यातली फट कमी झालेली दिसत होती, पण फोटो आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. वाईट फोटो असलेली माणसं डोंगर चढताना मी पाहिली आहेत. मुलाला तेवढंच सांगितलं: धंदा बंद करायचा नाही, धंद्याची मांडणी बदलायची.

म्हणून संध्याकाळच्या लिलावाला बंदरावर जाऊन तिचं काम बघितलं. गुडघ्याच्या रुग्णाची कामाची जागा पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धवट राहतो. ती चार इंच उंच पाटावर बसत होती. उठताना एक हात ओल्या वाळूत टेकून, अंग एका बाजूला टाकून, डाव्या पायावर उठायची आणि उजवा मागून ओढायची. गुडघा खूप वाकलेल्या अवस्थेतून उठताना वाटी मांडीच्या हाडावर फार जोरात दाबली जाते. त्यात तास-दीड तास न हलता बसल्यामुळे सांधा आखडलेला, आणि वर शरीर पिळवटून उठणं. दुखणं तिथेच भडकत होतं.

बसण्याची उंची ठरवायचा साधा नियम आहे. बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या हव्यात. तिच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत १५ इंच भरले, म्हणजे बैठक १६ इंचांची हवी. मुलाने प्लास्टिकचं स्टूल आणलं, पण त्याचे पाय ओल्या वाळूत कमीजास्त रुततात आणि बसणारा कलतो. दुखऱ्या गुडघ्याला हा कल अजिबात सोसत नाही. शेवटी मासळीचा क्रेट उपडा केला, तो १२ इंच होता. त्यावर तिचाच चार इंची पाट नायलॉनच्या दोरीने घट्ट बांधला आणि क्रेट रुतू नये म्हणून खाली दीड फूट चौरस प्लायचा तुकडा टाकला. पाटावर गोणपाटाची घडी, कारण खवल्यांनी सगळं निसरडं होतं.

बैठक वर गेली तशी विळीची अडचण आली. विळी पायाने दाबून धरायची सवय, आता पाय तिथे पोचेना. विळीचा पाट दोन बोल्टने एका जाड फळीला पक्का केला आणि फळी समोरच्या दुसऱ्या क्रेटवर बांधली. पातं कोपरापेक्षा तीन इंच खाली आलं. पहिले दोन दिवस सुरमईचे तुकडे वाकडे पडले म्हणून मावशी वैतागली, मग हात बसला. पूर्वी गिऱ्हाईक तिच्याशी वाकून बोलायचं, आता समोरासमोर बोलतं, हे मात्र तिला पहिल्या दिवसापासून आवडलं.

पाटीचं वजन भरल्यावर १८ किलो होतं. दोन खेपांत न्या असं सांगून पाहिलं. लिलावाच्या गर्दीत ते शक्य नाही, असं तिने सरळ सांगितलं आणि तिचं बरोबर होतं. डोक्यावरचं ओझं घेऊन सरळ चालताना गुडघ्याला जेवढा त्रास होतो त्याहून जास्त ते जमिनीवरून उचलताना होतो. म्हणून पाटी आधी क्रेटवर ठेवायची आणि तिथून दोघींनी मिळून डोक्यावर द्यायची, असं ठरलं. बंदरावरच्या बायका एकमेकींना असा हात द्यायला कधी मागे हटत नाहीत.

काठी घेणार नाही म्हणाली. घेतली असती तर ती डाव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. मूठ मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि अंग आणखी त्याच पायावर टाकतात. घराच्या जांभ्याच्या पायऱ्यांसाठी क्रम शिकवला: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एका बाजूला कठडा नव्हता, तिथे मुलाने जस्त चढवलेला लोखंडी (जीआय) पाइप बसवला.

व्यायाम चारच दिले, कारण दहा दिले तर एकही होत नाही. पहिला, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. दहा वेळा, रोज. दुसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, उठबस. २० इंच उंच पलंगावरून, हात छातीवर बांधून, आठ वेळा. मिनिटभर थांबून पुन्हा आठ, पुन्हा आठ, दिवसाआड. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, उठताना नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर आलं पाहिजे, आणि खाली बसायला तीन आकडे लागले पाहिजेत. तिसरा, चार इंच पायरीवर एक पाय ठेवून चढणं-उतरणं, भिंतीला हात लावून. चौथा, खिडकीचा गज धरून टाचा उचलणं आणि मग एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. तोल गेला की हाड मोडतं आणि म्हातारपणी मोडलेलं हाड माणसाला अंथरुणाला खिळवतं, म्हणून हा चौथा मी कधी सोडू देत नाही.

उठबशीत दोन चुका नेमाने होतात. गुडघे एकमेकांकडे आत वळतात, आणि श्वास कोंडला जातो. मावशीला रक्तदाबाची गोळी चालू होती आणि श्वास कोंडला की दाब वाढतो. तिला मोठ्याने आकडे म्हणायला सांगितलं. बोलताना श्वास कोंडता येत नाही. गुडघे आत वळू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जुन्या साडीची पट्टी सैल बांधली आणि ती ताणलेली ठेवायला सांगितली.

दुखण्याला किती मान द्यायचा, याचं माप तिच्याकडे नव्हतं. दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर मात्रा कमी करायची, व्यायाम बंद करायचा नाही. चालायला ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट पुळण चांगली. कोरड्या वाळूत पाय रुततो. किनारा उतरता असतो, एकाच दिशेने चाललं तर एक पाय सतत खालच्या बाजूला राहतो, तेव्हा जितकं गेलं तितकंच त्याच वाटेने परत यायचं.

तिसऱ्या आठवड्यात मासळी भरपूर आली आणि ती पाच तास बसून राहिली. दुसऱ्या दिवशी गुडघा टरटरून फुगला. मुलाचा फोन आला, व्यायामानेच झालं असं घरात सगळ्यांचं मत पडलं होतं. दोन दिवस उठबस निम्म्यावर आणली, टॉवेलचा व्यायाम चालू ठेवला आणि बर्फाने शेकलं. बर्फ तिच्याकडे मुबलक, पण ती तो थेट कातडीवर दाबत होती. त्याने कातडी भाजते. ओल्या कापडात गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी सूज उतरली. त्यानंतर दर अर्ध्या तासाने उभं राहून दहा पावलं टाकायची असा नियम केला आणि आठवण करून द्यायचं काम शेजारच्या विक्रेतीने घेतलं.

औषधांचंही एक होतं. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी ती मनाने रोज घेत होती. या गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, मूत्रपिंडाला आणि जठराला इजा करू शकतात. तिच्या डॉक्टरांनी ती बंद करून गुडघ्यावर लावायचं मलम दिलं. वजन ७१ किलो होतं. एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी हलका होतो, हे सांगितल्यावर तिने रात्रीचा भात निम्मा केला. मासे कमी करू दिले नाहीत, स्नायूला प्रथिनं लागतात.

पलंगाची उंची दर दोन आठवड्यांनी इंचभर कमी करत नेली. गादीखालची गोधडी काढली, मग उशी ठेवलेली खुर्ची घेतली, मग ती उशीही काढली. बारा आठवड्यांनी ३० सेकंदांत ती ११ वेळा उठली. वजन ६८. दुखणं सातवरून तीनवर आलं, शून्यावर आलं नाही आणि येईल असं मी म्हटलंही नव्हतं. एक्स-रे पुन्हा काढला नाही, त्यात काही बदललेलं दिसलं नसतं. असा नेटाचा व्यायाम महिनोन्महिने करूनही रात्री झोप मोडेल इतकं दुखत राहिलं, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, तर सांधा बदलायचा विचार जरूर करावा. तेव्हाही मजबूत मांडी घेऊन शस्त्रक्रियेला जाणारा माणूस लवकर उभा राहतो.

मे महिन्यात मी तिला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण बंदी तोंडावर होती. पडवीची लांबी १८ फूट. सकाळी आणि संध्याकाळी तिथेच दहा-दहा मिनिटं फेऱ्या, सुकी मासळी विकायला तोच क्रेटवरचा पाट, उठबस दिवसाआड, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला माल उभं राहून द्यायचा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून रोज थोडी वजनाची सवय: आधी पाच किलोची पाटी, मग आठ, मग बारा. ३१ जुलैला नातीने मोबाइलवर ३० सेकंद लावले. दहा वेळा उठली. गेल्या ऑगस्टला सात होते. बारा आठवड्यांनंतरच्या ११ पेक्षा एक कमी झालं ते चालेल, फक्त पहिला आठवडा पाटी १२ किलोपर्यंतच भरायची, असं मी तिला सांगितलं आणि तिने मान्य केलं.