टरफलांचा हिशेब

परवा दुपारी लॅपटॉपवर एक सिनेमा बघितला. संपल्यावर स्क्रीनवर दोन अंगठे आले, एक वर, एक खाली. आवडला की नाही ते सांगा. सांगायला बोट पुढं केलं तर बोटाला मीठ लागलेलं. मांडीवरच्या वर्तमानपत्रात खाऱ्या शेंगांची टरफलं साचली होती. टरफलं दिसली की मराठी माणसाला आधी टिळक आठवतात आणि मग ती उचलायचा कंटाळा येतो. मला नाना आठवले.

नाना म्हणजे आईचे वडील. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांची टॉकीज होती. पत्र्याचं छप्पर, पुढं पिट, मागं बाकं, त्यामागं खुर्च्या, डाव्या अंगाला पडदा लावून बायकांची जागा. बाल्कनी बांधायची त्यांच्या फार मनात होती, ती मनातच राहिली. सुट्टीत आम्ही नातवंडं फुकटात सिनेमे बघायचो. बदल्यात एकच काम. सकाळी झाडूवाली बाई पिट झाडायची तेव्हा शेजारी उभं राहून घमेली मोजायची. टरफलांची.

नानांचा सिद्धांत सरळ होता. कंटाळलेल्या माणसाचा हात खिशात जातो आणि खिशात शेंगा असतात. रडणारी बाई डोळे पुसते, हसणारा शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारतो, मारामारी बघणारा मुठी आवळतो. यांचे हात मोकळे नसतात. तेव्हा खेळ संपल्यावर एक घमेलं निघालं तर सिनेमा चालणार. दोन निघाली तर रविवारपर्यंत ओढायचा. तीन निघाली की नाना पोस्टात जाऊन भुसावळला वितरकाला तार करायचे, पुढच्या सिनेमाच्या रिळांची पेटी लवकर पाठवा म्हणून.

दाराशी शेंगा विकणाऱ्याचं गणित अर्थातच बरोबर उलटं. त्याच्या मते कौटुंबिक सिनेमासारखा भिकार प्रकार नाही, लोक नुसते रडत बसतात. एखादा पाडेल सिनेमा लागला की तो खुशीत असायचा. नाना त्याला आधी विचारायचे, ‘कसा आहे?’ तो म्हणायचा, ‘एक नंबर, शेठ.’ की नानांचा चेहरा पडायचा.

भुसावळ म्हणजे तेव्हा आम्हा मुलांच्या लेखी मुंबईच. सिनेमाच्या धंद्याचा नकाशा वेगळा असतो. त्यात आमचा मुलूख ‘सी. पी. बेरार’, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा मध्य प्रांत आणि वऱ्हाड. सरकारी नकाशावरून हे नाव कधीच पुसलं गेलं, वितरकांच्या करारावरून गेलं नाही. भुसावळ जंक्शन, तिथून चहूकडं पेट्या जाणार, म्हणून वितरकांची ऑफिसं तिथं. पेटी पॅसेंजरनं यायची. तोवर ते प्रिंट इतकी गावं फिरलेलं असायचं की पडद्यावर बारमाही पाऊस. नायिका भर उन्हात गाणं म्हणतेय आणि तिच्या अंगावरून काळ्या रेघा ओघळताहेत.

खऱ्या पावसाचा प्रश्न निराळा होता. पत्र्यावर सर आली की कितीही वजनदार संवाद असो, ऐकू फक्त पत्रा. म्हणून आषाढ-श्रावणात नाना स्टंटपट लावायचे किंवा खूप गाण्यांचे. ‘बोलणारी माणसं दिवाळीनंतर,’ असं ते वितरकाच्या माणसाला सांगत. दिवाळीनंतर कापूस विकला जायचा, लोकांच्या हातात पैसे यायचे आणि छप्परही गप्प असायचं. तो माणूस बिचारा कथा सांगायला लागायचा, दिग्दर्शक कोण, संगीत कुणाचं. नाना ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, ‘बोलतात किती?’

‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्यात विजयानंदला 131 आठवडे चालला. हा आकडा नानांना पुढं कित्येक वर्षं कुणी ना कुणी ऐकवायचं. नाना म्हणायचे, पुण्याचे आठवडे पुण्याला. आमचं गाव चार दिवसांचं. पहिल्या दिवशी हौशी येतात, दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलेले, बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातले, आणि चौथ्या दिवशी पहिल्या दिवशीचेच पुन्हा आले तर सिनेमा चांगला.

आधी सरकारी न्यूज रीळ असायचं. फिल्म्स डिव्हिजन 1948 मध्ये निघालं आणि मग हे रीळ दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं झालं, भाडंही त्यांनीच भरायचं. धरणाचं उद्घाटन चालू असताना निम्मं पिट बाहेर विड्या ओढत असायचं. नाना दाराशी उभे राहून ती डोकी मोजायचे. धरण वाहू लागायच्या आत जो बाकावर येऊन बसला तो सिनेमासाठी आलाय, बाकीचे सावलीसाठी. मी नानांना पडद्याकडं तोंड करून उभं राहिलेलं फारसं पाहिलं नाही. नायिका विधवा होत असली तरी हे आपले तिसऱ्या बाकाकडं बघताहेत.

खूप वर्षांनी वाचलं की अमेरिकेत ‘मोशन पिक्चर हेराल्ड’ नावाचं सिनेधंद्याचं साप्ताहिक निघायचं आणि लहान गावांतले थिएटरवाले त्यात आपापला अनुभव लिहून पाठवायचे. सदराचं नाव ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’. सिनेमानं माझं काय केलं! कुठल्या वारी लावला, हवा कशी होती, गिऱ्हाईक गावातलं की शेतावरचं. हे वाचून मी हसत सुटलो, कारण नानांच्या लाल बासनातल्या चोपडीत हेच होतं. ‘मंगळ. सर आली. पिट अर्धं. घमेली 3.’ सिनेमाचं नाव बऱ्याचदा लिहायचं राहून गेलेलं.

टरफलांचं शास्त्र एकदाच हरलं. ‘जय संतोषी माँ’ 1975 चा, आमच्याकडं पोचेपर्यंत वर्ष उलटलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, घमेली मोजायचं वय गेलेलं, तरी त्या सकाळी सहज गेलो. आदल्या रात्री बायकांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. कुणी आरतीचं ताट आणलं होतं, आणि नाना वाळूच्या लाल बादलीला हात लावून शेवटपर्यंत उभे होते. बाईनं झाडलं तर टरफल नावाला नाही. निघाले ते फुटाणे, गुळाचे चिकट खडे, हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि या सगळ्यावर मुंग्यांची रांग, बायकांच्या पडद्याखालून थेट पहिल्या बाकापर्यंत. नाना घमेल्याजवळ उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले.

‘हे कशात मोजायचं रे?’ त्यांनी मला विचारलं.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मला येत नव्हतं. बाईनं घमेलं उचललं, पण ते उकिरड्यावर न टाकता मागच्या लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ओतलं. त्या दिवशीच्या ओळीत नानांनी वार लिहिला, पिट फुल्ल लिहिलं आणि पुढची जागा कोरी सोडली.

लॅपटॉपवरचे अंगठे अजून वाट बघत होते. शेंगा मी नेमक्या कधी खाल्ल्या, सिनेमा रंगला तेव्हा की रेंगाळला तेव्हा, हे काही केल्या आठवेना. टरफलं वाटीत भरून बघितली. तेवढ्यात बायको आली.

‘कसा होता?’

‘अर्धी वाटी.’

‘शेंगा नाही, सिनेमा विचारतेय.’