डिझेलने धुणे, मग तेल

पावसाळ्यात माझ्या दुकानात दोनच तक्रारी येतात. ब्रेक लागत नाही आणि गीअर वाजतात. गीअर सहसा वाजत नाहीत, वाजते ती चेन. पण तसं सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं हा मोठं काम टाळतोय. म्हणून हल्ली मी नुसतं "बघतो" म्हणतो आणि सायकल स्टँडवर चढवतो.

जुलैत एक मॅडम आल्या, त्यांची तक्रार मात्र नेमकी होती. "दादा, चढाला जोर दिला की पायाखालून काहीतरी निसटतं." पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहेत. रोज ड्युटीला सायकल, रविवारी त्र्यंबक रोड. मागे आठ गीअर असलेली साधी हायब्रिड, नोव्हेंबरात माझ्याकडूनच नेलेली.

पायाखालून निसटतं म्हणजे चेन गेली, हे ऐकतानाच कळतं. पण आठ महिन्यांत?

चेनची झीज मोजायचं गेज लावलं तर ते सरळ आत पडलं. स्वस्तातली गेजं खोटं बोलतात, म्हणून मी वडिलांची बारा इंची स्टीलची पट्टी काढली. सायकलच्या चेनमध्ये पिनपासून पिनपर्यंत अर्धा इंच. नव्या चेनच्या चोवीस कड्या पट्टीवर बरोबर बारा इंच भरतात. लोक म्हणतात चेन 'ताणली'. लोखंड काही इलॅस्टिक नाही. प्रत्येक पिन आपल्या जागी फिरून फिरून केसाएवढी झिजते, आणि ते सगळे केस मिळून चेन लांब होते. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढली की आम्ही सावध होतो. एक सूत वाढली तर तिने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. मॅडमची चेन बारा इंच आणि वर चोख एक सूत.

"किती चालली?" मी विचारलं. त्यांनी सॅकमधून वही काढली.

पंचवीस वर्षांत मी असं गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. तारीख, किलोमीटर, हवा कधी भरली, चेन कधी धुतली, तेल कधी घातलं, सगळं निळ्या पेनने आखलेल्या रकान्यांत. एकूण २,१४० किलोमीटर. एवढी निगा राखली तर ही चेन तीन-चार हजार सहज जायला हवी. एकही रविवार चुकलेला नाही. आणि पहिल्या पानावर, अक्षर सुरेख: "दुकानातले दादा: डिझेलने धुणे, मग तेल. दर रविवारी."

ते वाक्य माझं. वडिलांचं खरं तर, पण त्यांचं अर्धंच.

वडील काळ्या सायकलींचे मिस्त्री. चेन काढून रात्रभर रॉकेलच्या डब्यात टाकायचे, सकाळी ब्रशने घासायचे आणि दुपारपर्यंत उन्हात खिळ्याला टांगायचे. मग तेल. गिऱ्हाइकाला सांगणं ठरलेलं, "उद्या संध्याकाळी या." कोणी मोटरसायकलची चेन आणली तर ती ग्रीसमध्ये चक्क शिजवायचे. पातळ झालेलं ग्रीस रोलरच्या, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या बारक्या नळीच्या, आत उतरतं, नंतर तिथेच थिजतं. आता मुंबई-पुण्याची पोरं पॅराफिन वितळवून त्यात चेन बुडवतात आणि नवा शोध लागल्यासारखे व्हिडिओ टाकतात. असो. २०१५ साली आपले महाजन बंधू अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, 'रॅम', पूर्ण करून आले, त्यानंतर नाशकात गीअरच्या सायकली वाढल्या आणि सगळ्यांना सगळं तासाभरात हवं झालं. रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं तसं मी डिझेलवर आलो. रॉकेल निदान उडून जायचं. डिझेल तेलकट, ते रोलरच्या आत दोन-दोन दिवस बसून राहतं. त्याच्यावर चारशे रुपयांचं तेल घाला नाहीतर चार हजारांचं, आत जाईल ते पातळ पाणी होऊनच.

दुकानात मी डिझेलनंतर पेट्रोल मारतो आणि कॉम्प्रेसरने चेन फुंकून काढतो. सांगताना ते गाळलं. घरी कोणाकडे कॉम्प्रेसर असतो? "तेल घालून पुसा" हेही गाळलं होतं. तेल लागतं ते रोलरच्या आत. खालच्या बाजूने चेनवर एकेका रोलरला एकच थेंब, पॅडल उलटं फिरवत ११६ थेंब, मग तास-दोन तास मुरू द्यायचं आणि बाहेरचं सगळं कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं. पुसलं नाही तर बाहेरच्या तेलावर धूळ बसते. सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्त्याच्या कडेला खडी आणि कच पसरलेली आहे. ती तेलात कालवली की गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. मॅडम दर रविवारी धुऊन, तेल घालून, अर्ध्या तासात त्र्यंबकला निघत होत्या. वहीत वेळासुद्धा होत्या.

हे सगळं वही हातात असतानाच माझ्या डोक्यात जुळलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दादा, तेल खराब निघालं असेल का?"

मी म्हणालो, "असू शकतं."

आमचा पोऱ्या पंक्चर काढत होता. त्याने मान वर करून पाहिलं. एरवी त्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही.

नवी चेन चढवली, मॅडम गल्लीत चक्कर मारून आल्या. पुन्हा निसटत होतं. जुन्या चेनने झिजवलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, हे मला आधीच माहीत होतं, पण कॅसेटचे पैसे आपण होऊन सांगायला जीभ उचलेना. शेवटी कॅसेट बदलली. चेन, कॅसेट धरून बिल अडीच हजारांच्या वर गेलं. मजुरी घेतली नाही. त्यांना वाटलं जुनं गिऱ्हाईक म्हणून. वर पावसाळी तेलाची बाटलीही विकली. तेवढा सल्ला तरी खरा होता. मेणाचं किंवा कोरडं तेल उन्हाळ्यात उत्तम, धूळ धरत नाही, पण आपल्याकडच्या एका सरीत धुऊन जातं आणि दुसऱ्या सकाळी चेन चिमणीसारखी ओरडते. पावसात चिकट तेलच लागतं. जुनी बाटली त्यांनी माझ्यादेखत कचऱ्यात टाकली. चांगलं तेल होतं. निम्मी बाटली शिल्लक होती.

रात्री शटर अर्धं ओढून मी ती काढलेली चेन टूलमध्ये धरली आणि एक पिन ठोकून बाहेर काढली. वरून चेन तुपात घोळल्यासारखी. पिन मात्र कोरडी, तांबूस भुकटी लागलेली, आणि एका बाजूला नखाला लागेल इतकी खाच. बाहेर तूप, आत उपास. आणखी दोन पिना काढल्या, त्याही तशाच. पोऱ्या म्हणाला, "तेलाची चूक नव्हती ना?" मी त्याला झाडू मारायला सांगितलं.

दोन रविवारांनी मॅडम हवा भरायला आल्या. मी ठरवूनच बसलो होतो. म्हटलं, आता डिझेल बंद करा. फडक्यावर तेल घेऊन चेन पुसायची. फारच मळली तर भांड्याचा साबण, गरम पाणी आणि ब्रश, मग पूर्ण वाळू द्यायची. घाई असेल तर त्या दिवशी तेल घालू नका, ओल्या चेनवर तेल घालण्यापेक्षा ते बरं. थेंब रोलरवर, तेल रात्री, सकाळी पुसून निघायचं. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याखाली सायकल धरायची नाही. त्या भराभर लिहून घेत होत्या. मग पेन थांबलं.

"पण तेव्हा डिझेल का सांगितलं होतंत?"

एवढंच म्हणायचं होतं की माझं चुकलं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "तेव्हा थंडी होती मॅडम. आता पावसाळा आहे."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. हवा भरता भरता मी वाकून वाचलं: "डिझेल फक्त थंडीत."

थंडीला अजून तीन महिने आहेत.