पाऊस हा शब्द सोडून

आज सर्जनशील लेखनाचा पहिला तास. रत्नागिरीपर्यंत एसटीत उभ्याने, त्यामुळे पोचेस्तोवर डोकं भणभणलेलं. बाईंनी गाव विचारलं. मालगुंड म्हटल्यावर, "अरे वा, केशवसुतांचं!" झालं, १८६६ सालापासूनचं ओझं आपल्या खांद्यावर!

मग दहा मिनिटांत पाऊस लिहायचा, पण 'पाऊस' हा शब्द न वापरता. ऐन जुलैत, कोकणातल्या पोरांना! तीन ओळी खोडल्या. शेवटी चुलीच्या उबेला आईने टाकलेली गोधडी आणि तिचा धुरकट वास लिहिला.

बाईंनी वाचलं. "'धुरकट' काढा, वास राहील."

खरं तर रागच आला. तोच एक शब्द मला आवडलेला. परतीच्या गाडीत खोडून बघितला.

च्यायला, राहिला की वास.