पुढचं पुस्तक कुठलं?

एखादं पुस्तक फार आवडून संपलं ना की पुढचे पंधरा दिवस माझं काही खरं नसतं. चार पुस्तकं उघडायची, दहा-दहा पानं वाचायची आणि उशाशी ढीग लावायचा. ऑनलाइन रिव्ह्यू बघावेत तर सगळ्यांना सगळंच 'अप्रतिम' वाटलेलं, त्यावरून काय डोंबल कळणार!

मागच्या पावसाळ्यात असंच झालं तेव्हा भिलारला गेलो. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीवालं गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथे लोकांच्या घरातच कपाटं आहेत, एका घरी कथा, दुसरीकडे चरित्रं, कुठे विनोदी, आणि कुणीही जाऊन वाचत बसायचं. मी निघालो होतो कादंबऱ्यांकडे, पण जोराची सर आली म्हणून जवळच्या घरात शिरलो तर तिथे निघाली आत्मचरित्रं. माझा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा! पण करणार काय, पाठीला सेलोटेप लावलेलं एक जाडजूड काढलं. पहिलं पान मी कधीच वाचत नाही, ते सगळेच घासूनपुसून लिहितात, सरळ मधलंच उघडायचं. उघडलं तर लेखिकाबाई रॉकेलच्या रांगेतलं भांडण सांगत होत्या. घरच्या काकूंनी 'चहा टाकू का?' विचारलं तेव्हा साठ पानं झाली होती आणि पाऊस कधीच थांबलेला.

पुस्तक अर्थात तिथेच ठेवून आलो. नंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं पालथी घातली, आउट ऑफ प्रिंट म्हणे. आता रद्दीवाल्या काकांना नाव लिहून दिलंय.