आमची वाटचाल : श्रावणातला वेफर

उपवासाचा बटाटा वेफर हा आमचा पहिला माल, आणि आजही नाव त्याच्यावरच आहे. त्याची कढई वेगळी. बेसनाचा कणही त्या तेलात पडत नाही. ही शिस्त आमच्या पहिल्या गिऱ्हाइकाची, सदाशिव पेठेतल्या डेअरीवाल्या काकांची. शेव तळलेल्या तेलातला वेफर उपवासाचा म्हणून काउंटरवर ठेवायला ते तयारच नव्हते. शेंगदाण्याचं तेल आणि सैंधव मीठ हेही त्यांनीच ठरवून दिलं.

धंदा मार्गी लागला होता. मग तो श्रावण आला.

आषाढी एकादशीपासून नवरात्रापर्यंत मागणी चढत जाते आणि नेमका तेव्हाच बाजारात नवा बटाटा नसतो. फेब्रुवारी-मार्चचा माल शीतगृहात गेलेला असतो, आणि सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा निघायला सप्टेंबर उजाडतो. मधले महिने शीतगृहाच्या भरवशावर. वेफरचा बटाटा 10 ते 12 अंशांवर, कोंब फुटू नयेत म्हणून सीआयपीसी या रसायनाची धुरी देऊन ठेवतात. भाजीचा आणि बियाण्याचा 2 ते 4 अंशांवर. तेवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ती करपते. एका अडत्याने ‘शुगर फ्री’, म्हणजे साखर न चढलेला, असं सांगून आमच्याकडे जो ट्रक उतरवला, तो या दुसऱ्या शीतगृहातला होता. गोणी उघडून बघितली तरी फरक दिसत नाही. कढईत टाकल्यावर काप कडेने लाल होतो, मग पुरता तपकिरी, आणि चव कडवट.

ऐन सणात दुकानांतून माल परत आला. उधारी अडकली, कामगारांचे पगार थकले. अडत्याने हात वर केले. त्यातच एका फरसाणवाल्याने दुकानोदुकानी सांगत सुटायचं ठरवलं, की यांचं तेल जळकं आहे. ट्रकचा पैसा बुडाला त्यापेक्षा हे जास्त लागलं, आणि आजही सलतं. तेल थकलं की कढईवर फेस चढतो आणि बसत नाही, धूर लवकर येतो, वेफर तेलकट आणि खवट लागतो. आमच्या तेलात यातलं काहीच नव्हतं. काकांनी कारखान्यात उभं राहून एकाच कढईत दोन गोण्यांचे काप तळायला लावले, एक गोणी त्या ट्रकमधली, दुसरी चांगल्या मालाची. एक घाणा लाल, दुसरा पिवळसर पांढरा. दोन्ही पुडे त्यांनी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारेल त्याला दाखवले. आम्ही तगलो ते त्यामुळे.

2018 च्या जुलैपासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून तापून बिघडल्यावर त्यात तयार होणारे घटक, 25 टक्क्यांपुढे चालत नाहीत. आम्ही मीटर ठेवतो आणि 20 लाच तेल बदलतो.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी गोणीच्या तोंडावरचा बटाटा बघून सौदा करू नये. तळातले दोन घ्या, उभे चिरा, 180 अंशांच्या तेलात तिथेच तळून बघा. दहा लिटर पाण्यात सव्वा किलो मीठ विरघळवा. त्यात बुडणारा बटाटा घट्ट, वेफरचा. तरंगणारा पाणीदार, तो तेल पितो आणि उतारा पाडतो. चांगल्या चिपसोनाचा, म्हणजे वेफरसाठीच्या बटाट्याच्या जातीचा, चार किलोला एक किलो वेफर पडतो, पाणीदार मालाचे पाच किलो जातात. लाल पडणारा माल गळ्यात आलाच, तर दोन आठवडे 18-20 अंशांवर मोकळा पसरून ठेवा. साखर बरीच उतरते, पण फार दिवस थंडीत राहिलेला बटाटा पुरता सुधारत नाही. काप गरम पाण्यातून काढून रंग आणणारेही आहेत. रंग येतो, बटाट्याचा वास जातो. आम्हाला ते पटत नाही.

स्लायसरच्या पात्यावर कंजुषी नको. काप 1.3 ते 1.5 मिलिमीटर हवा. बोथट पातं काप फाडतं, फाटलेल्या कडेतून स्टार्च सुटतो, तेल आत शिरतं. जाड-बारीक काप एकत्र पडले, तर बारीक करपेपर्यंत जाड मध्ये मऊच राहतो. पाणी नितळ येईपर्यंत काप धुवा, नाहीतर ते कढईत चिकटतात आणि तळाशी बसलेला स्टार्च जळून तेल काळं करतो. दोन डबे तेलात एका वेळी तीन किलोच काप टाका. जास्त टाकले की तेल थंड पडतं. बुडबुडे जवळजवळ थांबले की झारा घाला.

आणि श्रावणाचा माल मार्चमध्येच बोलून ठेवा. शीतगृहाचं तापमान पावतीवर लिहून घ्या.